गर्भारपणातील हृदयाची धडधड
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात भगिनी-सभेच्या वेळी केलेले भाषण)



चिटणीसांनी यंदा आम्हांस भाषणाचा विषय विचारला, तेव्हा आम्ही नेहमीप्रमाणे शिष्यवृत्ति-फंडावर अथवा मुलींच्या शिक्षणावर बोलू, अशी त्यांची अपेक्षा होती. आम्ही विषय सांगताच ते क्षणभर आमच्याकडे पाहतच राहिले. 'गुरुजी, हा विषय डॉक्टरांचा,' असे ते म्हणाले. त्यांचे म्हणणे खोटे नाही. आमचे शिक्षण जुन्या मॅट्रिकपर्यंतचे. पुढे चौतीस वर्षे प्राथमिक शाळेत खडू झिजविला, एवढीच आमची पुंजी. तरीही हा विषय आम्ही हट्टाने मागून घेतला. त्याचे कारण आमच्या घरात घडले आहे आणि त्यात आमचा स्वतःचा अपराध आहे. पुढे जे सांगणार आहोत ते जाणत्या डॉक्टरांस पुन्हा पुन्हा विचारून समजून घेतलेले आहे. औषधाची मात्रा मात्र आम्ही सांगणार नाही. ते आमचे काम नव्हे.

आमच्या धाकट्या बंधूंची एक कन्या आहे. तिची अनुज्ञा घेऊनच ही हकीकत सांगत आहोत. ती अकरा वर्षांची असता तिला ताप आला आणि आज गुडघा, उद्या घोटा, परवा मनगट असे सांधे एकामागून एक सुजले. हा संधिवाताचा ताप असून तो हृदयाच्या झडपांस धरतो, असे डॉक्टरांनी त्याच वेळी सांगितले आणि दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन ठरवून दिले. मुलीने ती कित्येक वर्षे मुकाट्याने घेतली. पुढे चांगले स्थळ चालून आले. मध्यस्थी आमचीच होती. 'आता इंजेक्शने पुरे झाली, मुलगी धडधाकट आहे, उगाच बोभाटा कशाला?' हे शब्द आमचे. याच मंडळाच्या वधूवर-सूचक विभागातील तिच्या माहितीपत्रावर 'प्रकृती : उत्तम' असे लिहिलेले आहे, ते हस्ताक्षरही आमचेच.

विवाह २०१६ साली झाला. २०१८ साली तिला दिवस गेले. सहाव्या महिन्यापासून छातीत धडधड होऊ लागली. सासूबाई मायाळू, त्या म्हणाल्या, पोटुशीला असे होतेच. तालुक्याच्या गावी एका डॉक्टरांस दाखविले. त्यांनी अशक्तपणा म्हणून टॉनिक दिले. लहानपणीच्या आजाराविषयी त्यांनी विचारले नाही आणि मुलीने सांगितले नाही, कारण सासरी हा विषय काढावयाचा नाही अशी आमची ताकीद होती. डोहाळजेवणानंतर आठ दिवसांनी एका रात्री तिला आडवे होववेना. उशांना टेकून ती बसून राहिली. खोकल्याबरोबर गुलाबी फेस येऊ लागला, तेव्हा घरची मंडळी घाबरली आणि तिला मिरजेस घेऊन गेली. तेथील रात्रपाळीच्या तरुण डॉक्टरीणबाईंनी आधी काही न बोलता तिचे मनगट पुरता एक मिनिट धरून ठेवले, छातीला नळी लावून ऐकले, आणि विचारले, 'लहानपणी सांधे सुजले होते का?' मुलीने सासऱ्यांकडे पाहिले, मग आमच्या बंधूंकडे पाहिले, आणि मान हलविली.

ती जगली. तिचा मुलगा आज शाळेत जातो. परंतु ती रात्र काय होती, हे समजण्यासाठी थोडे हृदयाविषयी बोलले पाहिजे.

गर्भारपणी स्त्रीच्या अंगातील रक्त सुमारे चाळीस ते पन्नास टक्क्यांनी वाढते. हृदयास दर मिनिटास जे रक्त पुढे लोटावे लागते तेही तीस ते पन्नास टक्क्यांनी वाढते आणि नाडी मिनिटास दहा ते वीस ठोक्यांनी जलद होते. म्हणून गर्भवतीस जिना चढताना धाप लागणे, मधूनच ठोका चुकल्यासारखे वाटणे, हे पुष्कळ वेळा निरुपद्रवी असते. सासूबाई म्हणाल्या त्यात तथ्य होते, आणि हीच या विषयातील खरी अडचण आहे. नैसर्गिक धडधड आणि रोगाची धडधड एकाच दाराने आत येतात. वरवर पाहून त्या ओळखता येत नाहीत.

आम्ही मास्तर, म्हणून शाळेचा दाखला देतो. हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यात एक लहानसा भाग आहे, तो ठोक्याचा हुकूम देतो. तो म्हणजे वर्गशिक्षक. त्याच्या छडीबरोबर सारा वर्ग एका सुरात पाढे म्हणतो. गर्भारपणी शिक्षक जरा घाईने म्हणवून घेतो, पण ताल सुटत नाही. ही झाली नैसर्गिक धडधड. ती हळूहळू वाढते व विसावा घेतल्यावर हळूहळू उतरते. कधी कधी एखादा मुलगा मध्येच ओरडतो, म्हणजे एक जादा ठोका पडतो आणि पुढे क्षणभर विराम वाटतो. हेही बहुधा निरुपद्रवीच. परंतु कधी एखादा व्रात्य मुलगा घंटेची दोरी धरतो आणि घंटा वाजवीतच सुटतो. ताल असतो, पण तो शिक्षकाचा नसतो. ही धडधड एकाएकी सुरू होते, मिनिटास दीडशे ते सव्वादोनशेपर्यंत जाते आणि एकाएकीच थांबते, जणू कोणी बटण दाबले. हृदयातील विजेस जादा आडवाट सापडली म्हणजे असे होते. पुष्कळ स्त्रियांना ही खोड लग्नापूर्वीपासून असते आणि गर्भारपणी ती बळावते. तिसरा प्रकार म्हणजे शिक्षक वर्गातून निघून गेला आणि जो तो आपापला पाढा ओरडू लागला. वरचे कप्पे नुसते थरथरतात आणि खालचे कप्पे वेडेवाकडे, कसेही धावतात. आमच्या पुतणीस हेच झाले होते.

तिच्या हृदयाची डावीकडील झडप त्या जुन्या तापाने आकसली होती. अरुंद दारातून माणसे बाहेर पडावयाची तर वेळ हवा. हृदय जलद व अनियमित पळू लागले की दोन ठोक्यांमधील वेळ कमी होतो, रक्त पुढे जात नाही, फुप्फुसांत तुंबते, आणि माणूस कोरड्या अंथरुणात बुडू लागतो. शिवाय थरथरणाऱ्या कप्प्यात रक्ताची गुठळी होते. ती मेंदूकडे गेली तर अर्धांगवायू. नाडी एवढीशी, पण तिच्या मागे इतके सारे उभे असते.

या शास्त्राच्या इतिहासात बाळंतिणीच्या मृत्यूची एक हकीकत आहे. ती आम्हांस डॉक्टरांनी सांगितली तेव्हा अंगावर काटा आला. इंग्लंडात बर्नली नावाचे मागांचे गाव आहे. आपले इचलकरंजी समजा. तेथे जेम्स मॅकेंझी नावाचे साधे गावडॉक्टर होते. मूळचे स्कॉटलंडचे, जन्म १८५३ चा. त्यांच्याकडील एक तरुण स्त्री प्रसूतीच्या वेळी हृदयविकाराने गेली. हिचे हृदय दुबळे आहे हे आधी ओळखता आले असते काय, या प्रश्नाने त्यांची झोप उडाली. गावच्या धबडग्यात, प्रयोगशाळा नसताना, त्यांनी नाडीचा अभ्यास मांडला. मानेच्या शिरेची व मनगटाची हालचाल एकाच कागदावर शाईने उमटविणारे यंत्र त्यांनी एका घड्याळजीच्या साहाय्याने तयार करविले. तेच तेच रोगी वर्षानुवर्षे तपासून कोणती अनियमित नाडी घातक आणि कोणती निरुपद्रवी, हे त्यांनी वेगळे काढले. १९०२ साली त्यांचा नाडीवरील ग्रंथ निघाला आणि १९२१ साली हृदयविकार व गर्भारपण या विषयावर स्वतंत्र पुस्तक निघाले. १९२५ साली ते वारले. मोठ्या शहराच्या मोठ्या इस्पितळात ज्या गोष्टीकडे लक्ष गेले नाही ती एका गावडॉक्टराने पाहिली, कारण त्यांस आपली चूक विसरता आली नाही. आम्हांस त्यांचे चरित्र जवळचे वाटते, ते का हे निराळे सांगावयास नको.

मॅकेंझींच्या यंत्राची जागा पुढे कार्डिओग्रामने घेतली. तो शोध हॉलंडच्या आइंथोव्हेन यांचा. त्यासाठी त्यांस १९२४ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या काळी रोग्याचे हातपाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून आलेख काढीत. आता पाच मिनिटांत कागद हाती येतो. भगिनींनो, येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. कार्डिओग्राममध्ये कोणतेही किरण नसतात, शरीरात काही सोडीत नाहीत. हृदयाचीच वीज टिपून घेतात. इकोची तपासणी ध्वनिलहरींची, म्हणजे पोटाच्या सोनोग्राफीची बहीणच. दोहोंपासून गर्भास अपाय नाही. 'पोटुशीला यंत्रे लावू नका' म्हणणाऱ्या आजीबाईंस हे समजावून सांगावे.

मात्र कार्डिओग्रामलाही एक मर्यादा आहे. चोर पळून गेल्यावर पंचनामा केला तर चोर सापडत नाही. धडधड थांबल्यावर काढलेला आलेख पुष्कळदा निर्दोष येतो, आणि मग 'काही नाही, मनाचे खेळ आहेत' असे म्हणून बाईस घरी पाठवितात. म्हणून धडधड चालू असतानाच जवळच्या दवाखान्यात जाऊन आलेख काढवावा आणि तो कागद जपून ठेवावा. झटके अधूनमधून येत असतील तर चोवीस तास अथवा अधिक काळ अंगावर बाळगावयाचे लहान यंत्र मिळते. त्यास होल्टर म्हणतात. अलीकडे काही मनगटी घड्याळेही आलेख काढतात. आमच्या नातवाने तसे आणले आहे. त्याचा उपयोग होतो, पण डॉक्टरांस दाखविण्यापुरताच. घड्याळाच्या सांगण्यावरून औषध घेऊ नये. आलेखाबरोबर रक्तातील हिमोग्लोबिन व थायरॉइड तपासतात, कारण नाडी पळण्याचे मूळ अनेकदा हृदयात नसून रक्तात असते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील निम्म्याहून अधिक गर्भवती पंडुरोगी आढळल्या. आणि मशेरी! आपल्या घरांतून ती गेली असे आपण समजतो, गेलेली नाही. तंबाखूने नाडी पळते आणि गर्भ खुरटतो. सर्दीच्या काही गोळ्यांनीही धडधड वाढते. दुकानदारास विचारून त्या घेऊ नयेत.

आता उपचार. पुष्कळ जणींना औषधच लागत नाही. तपासणी निर्दोष आली की धीर पुरतो. व्रात्य मुलाच्या घंटेस आवरण्याचा पहिला उपाय म्हणजे दीर्घ श्वास रोखून जोर करणे, अथवा त्यासारख्या काही युक्त्या. त्या डॉक्टरांनी शिकविल्या तरच कराव्यात. मानेची शीर दाबण्याचा प्रकार घरी कदापि करू नये. त्याने न भागल्यास अ‍ॅडिनोसीन नावाचे इंजेक्शन शिरेतून देतात. ते रक्तात काही सेकंदच टिकते, त्यामुळे गर्भास त्याची बाधा होत नाही. मिरजेस पुतणीच्या शेजारच्या खाटेवर अशीच एक बाई होती. परिचारिकेने पुढे आम्हांस सांगितले की, ते औषध जाताच पडद्यावरील रेघ क्षणभर सपाट झाली, बाईचा नवरा किंचाळला, आणि दुसऱ्या क्षणी नाडी नव्वदावर येऊन स्थिर झाली. रक्तदाब कोसळला, शुद्ध हरपू लागली, तर विजेचा झटका देऊन ताल पूर्ववत करतात. 'विजेचा झटका' हे शब्द ऐकून नातेवाईक सही करण्यास कचरतात. गर्भारपणाच्या कोणत्याही महिन्यात तो देता येतो. गर्भापर्यंत पोचणारी वीज अत्यल्प असते आणि नंतर बाळाचे ठोके तपासतात. आई गेली तर बाळ कोठून राहणार, हे सही करणाराने ध्यानी घ्यावे.

रोज घ्यावयाच्या औषधांविषयी मात्र जपून बोलावे लागते. गर्भारपणी नाडी आवरणारी मेटोप्रोलॉलसारखी औषधे देतात. त्यांनी बाळाची वाढ किंचित मंदावू शकते, म्हणून सोनोग्राफीने ती मोजीत राहतात. त्याच वर्गातील अटेनोलॉल टाळतात. अमिओडॅरोन बाळाच्या थायरॉइडला बाधते, म्हणून ते अगदी निरुपायाने. रक्त पातळ करणारे वॉरफॅरिन पहिल्या तीन महिन्यांत बाळात व्यंग उत्पन्न करू शकते; त्या जागी हिपॅरिनची इंजेक्शने देतात, ती गर्भापर्यंत पोचत नाहीत. हे ऐकून कोणी घरी जाऊन गोळ्या फेकून देईल, याची आम्हांस भीती वाटते. तसे केल्यास घात होईल. कृत्रिम झडप बसविलेल्या स्त्रीने वॉरफॅरिन आपल्या मनाने बंद केले तर झडपेवर गुठळी होऊन प्राणावर बेतते. औषध बदलावयाचे असते, सोडावयाचे नसते. आणि ते बदलण्याचा विचार दिवस राहण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलून करावयाचा असतो. हे शक्य कधी होते? नवऱ्यास व सासूस औषधाची माहिती असेल तेव्हा. चोरून गोळ्या घेणारी सून काय बोलणार?

नाडी फार मंद असण्याचाही एक प्रकार आहे. घेरी येते, कधी पेसमेकर बसवावा लागतो. पेसमेकर असलेल्या स्त्रिया सुखरूप बाळंत होतात, एवढेच सांगून पुढे जातो. घराण्यात कोणी तरुणपणी अकस्मात गेले असेल, तर तेही डॉक्टरांस आवर्जून सांगावे.

आमच्या पुतणीस प्रथम प्राणवायू, फुप्फुसांतील पाणी उतरविणारे औषध, नाडी आवरणारे औषध आणि हिपॅरिन दिले. पुढे सातव्या महिन्यात जांघेच्या शिरेतून फुगा नेऊन झडप रुंद केली. पोटास शिशाच्या आवरणाने झाकले होते. छाती उघडावी लागली नाही. प्रसूती नैसर्गिक झाली. शेवटचा जोर तिच्यावर पडू नये म्हणून चिमट्याचे साहाय्य घेतले. शस्त्रक्रिया का केली नाही, असे आमच्या कुटुंबाने विचारले. डॉक्टर म्हणाले, बहुतेक हृदयरोगी स्त्रियांस नैसर्गिक प्रसूतीच सोसते. बाळ जन्मताच सर्व मंडळी पेढ्यांच्या मागे लागली, पण डॉक्टरांची खरी काळजी पुढील दोन दिवसांची होती. गर्भाशय आकुंचन पावताच तेथील रक्त एकदम हृदयाकडे परतते, आणि सुटलो असे वाटते तेव्हाच दम लागू शकतो. म्हणून अशा बाळंतिणीस घाईने घरी आणू नये. बाळाचे वजन सव्वादोन किलो भरले. पेनिसिलिनची इंजेक्शने पुन्हा सुरू झाली. ती गर्भारपणीही चालतात, हे आम्हांस तेव्हा कळले.

शिक्षकबंधूंना जाता जाता एक विनंती. घसा दुखून दोनतीन आठवड्यांनी ज्या मुलाचे सांधे सुजतात, ते पाच ते पंधरा वर्षांचे मूल तुमच्याच वर्गात बसलेले असते. आमच्या नोकरीत अशी किती मुले 'पाय दुखतात' म्हणून कवाइतीतून बाजूला झाली आणि आम्ही त्यांस आळशी म्हटले, याचा हिशेब आता लागणार नाही.

भगिनींनो, घरच्या घरी करता येण्याजोगी गोष्ट एकच, आणि ती फुकट आहे. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटावर दोन बोटे ठेवावीत. अंगठा ठेवू नये. सेकंदकाटा पाहून पुरता एक मिनिट मोजावे. पंधरा सेकंद मोजून चौपट केल्यास अनियमित नाडीत फसगत होते. शांत बसूनही ठोके वारंवार शंभरावर भरत असतील, अथवा ताल वेडावाकडा लागत असेल, तर त्याच दिवशी दाखवावे. धडधडीबरोबर घेरी, छातीत दुखणे, आडवे झाल्यावर दम लागणे अथवा रक्तमिश्रित खोकला असेल, तर सकाळची वाट न पाहता १०८ क्रमांकावर गाडी बोलवावी, आणि गाडी येईपर्यंत तिला बसवून ठेवावे; घेरीच येत असेल तर डाव्या कुशीवर निजवावे, उताणे नव्हे. ज्यांस खर्चाची धास्ती आहे त्यांनी हे जाणावे की, २०१६ पासून सरकारी दवाखान्यांत दर महिन्याच्या नऊ तारखेस गर्भवतींची मोफत तपासणी होते.

राहता राहिला मंडळाचा प्रश्न. आमच्या पुतणीचे सासरे आज याच सभेत समोर बसले आहेत. मिरजेच्या इस्पितळाच्या पायरीवर आम्ही त्यांची क्षमा मागितली, तेव्हा ते म्हणाले, 'गुरुजी, आधी सांगितले असते तर मी हे स्थळ कदाचित नाकारले असते. खोटे कशाला बोलू? पण मग हा दोष तुमच्या एकट्याचा कसा?' या वाक्यावर आम्ही पुष्कळ विचार केला. मुलीकडील मंडळी लपवितात, कारण मुलाकडील मंडळी नाकारतात. झडप आकसलेल्या मुलीचा विवाह होऊच नये, हे मत जुने व ढोबळ आहे. काही थोड्या विकारांत, जसे फुप्फुसांतील रक्तदाब फार वाढलेला असता, गर्भारपण टाळावे असेच डॉक्टर सांगतात. बाकी पुष्कळ जणी आधी तपासणी व उपचार करून घेऊन सुखाने आई होतात.

तेव्हा आमची सूचना अशी. वधूवर-सूचक विभागाच्या छापील माहितीपत्रातील 'प्रकृती' हा रकाना काढून टाकावा. त्यात आजवर 'उत्तम' याखेरीज दुसरा शब्द कोणी लिहिलेला नाही. आम्ही चिटणीसांच्या परवानगीने मागील वह्या चाळून पाहिल्या. कोणाचा आजार चारचौघांत छापावा, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. परंतु सुपारी फुटण्यापूर्वी दोन्ही घरच्या वडिलांनी एकदा एकत्र बसून, मुलीचे तसे मुलाचेही जुने आजार, शस्त्रक्रिया व चालू औषधे एकमेकांस तोंडी सांगावीत. मध्यस्थाने तशी बैठक घडवून आणल्याशिवाय मंडळाने त्या विवाहाची नोंद करू नये. हा ठराव आम्ही दुपारच्या सर्वसाधारण सभेत मांडणार आहोत. त्यास अनुमोदन देण्याचे आमच्या त्या व्याह्यांनी कबूल केले आहे. चहाच्या सुटीत आम्ही मंडपाच्या डाव्या बाजूस घड्याळ घेऊन बसू; ज्यांना नाडी मोजावयास शिकावयाचे असेल त्यांनी तेथे यावे.